तक्रार निकाली

६ नोव्हेंबर १९९७, गुरुवार
दिवाळीच्या सुट्टीनंतर ऑफिस. टेबलावर बोटभर धूळ. खिडकीत पारव्यानं काड्या आणून ठेवल्यात. शिपाई काढायला निघाला होता, मी राहू दे म्हटलं.

लोटनआप्पा आले. तिसरी खेप. पाण्याच्या टाकीमागच्या चाळीत राहतात, सगळी हयात कापडाच्या मागांवर गेली, आता कानानं कमी ऐकू येतं. तक्रार तीच, दारासमोरच्या गटाराच्या चेंबरला झाकण नाही. "मन्ही बायकोले दखास नही, ताई. दोन्ही डोयास्मा मोतीबिंदू." अर्ज मराठीत. पालिकेच्या बांधकाम खात्यात मराठी वाचणारी मी एकटी, म्हणून असे सगळे अर्ज माझ्याकडे येतात. मी गुजरातीत उतरवून वर पाठवते.

ते अहिराणीत बोलतात, मी मराठीत उत्तर देते. ओठावर येतं पण बाहेर पडत नाही. लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा हे म्हणाले होते, बँकेतले लोक घरी येतात, ते शे-व्हतं बंद कर. केलं बंद. आता हे जाऊन पाच वर्षं झाली तरी बंदच आहे.

आप्पा गेल्यावर लक्षात आलं, आज दिवसभरात एवढंच बोलणं झालं. बाकी सगळं "फाईल आपो", "सही करो".

११ नोव्हें., मंगळ
महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बांधकाम समितीची बैठक; ह्या महिन्याची दिवाळीमुळे उद्यावर गेली. ह्या वेळी चेअरमनसाहेबांचा निरोप की बाकी तक्रारींची यादी एका पानात बसली पाहिजे. गेल्या खेपेला पाच पानं होती.

दुपारी ओव्हरसिअर देसाईभाई समोर येऊन बसले. मी रजिस्टरमधून वाचायचं, त्यांनी सांगायचं. दिव्याचा खांब, थई गयुं, झालं. फुटलेली पाइपलाइन, थई गयुं. खड्डा, थई गयुं. आप्पांचा नंबर आला. जरा थांबले. मग, "आ पण थई गयुं, बेन. लखी नाखो."

नियम असा की ओव्हरसिअरची काम पूर्ण झाल्याची चिठ्ठी आल्याशिवाय 'निकाली' लिहायचं नाही. चिठ्ठ्या उद्या देतो म्हणाले. सहा दहाची बस होती. ती गेली की उधन्याला घरी पोचायला तास जास्त लागतो. लिहून टाकलं. सगळ्यांपुढे निकाली, खाली सही.

यादी एका पानात बसली.

१३ नोव्हें., गुरु
चिठ्ठ्या नाहीत. विचारलं नाही.
सुजाताचं बडोद्याहून पत्र. पहिल्यांदाच अख्खं गुजरातीत. "मम्मी, मराठी लखतां वार लागे छे." मराठी लिहायला वेळ लागतो म्हणे. अक्षर मात्र माझ्यासारखंच. आप्पा आज आले नाहीत.

१६ नोव्हें., रवि
सकाळपासून एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी भाजीवालीला कोथिंबीर मागितली तर आवाज फुटेना. खाकरून पुन्हा मागितली. ती म्हणाली, तबियत ठीक नथी?
ठीक आहे. नुसता वापरला नव्हता.

२० नोव्हें., गुरु
आजही आप्पा नाहीत. झाकण बसलं असणार, मग कशाला येतील. बरं झालं. तरी चारपर्यंत दाराकडे बघत होते, हे लिहायला लाज वाटते.

२४ नोव्हें., सोम
आप्पा आज आले, सोमवारी. खुर्ची दिली तर बसले नाहीत. टेबलाची कड धरून उभे.

शनिवारी सकाळी त्यांची बायको नळावर जायला निघाली. रोजच्या सवयीनं भिंत चाचपत जाते. कोणाची तरी सायकल भिंतीला टेकलेली, म्हणून दोन पावलं बाहेरून वळली. सरळ चेंबरात. कमरेपर्यंत. खुबा मोडला. सरकारी दवाखान्यात नेलंय, पायाला वजन लावलंय.

मी विचारलं, "आणि झाकण?" कसं विचारलं कोण जाणे. म्हणाले, "कसानं झाकन, ताई. कोनी उनाच नही." कोणी आलंच नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, माझा अर्ज वर गेला होता ना? मी म्हटलं, गेला होता. खोटं नव्हतं ते.

२५ नोव्हें.
देसाईभाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. आमचा माणूस झाकण लावतो म्हणाला होता, मी समजलो लावलं, असं म्हणाले. "भगवान जाणे, बेन." आवाज खरा होता. दुपारी डबा न खाता स्कूटर घेऊन गेले.

ह्यांना झटका आला त्या दिवशी ह्याच स्कूटरवरून देसाईभाईंनी डॉक्टर आणला होता. उशीर झाला होता, पण आणला होता. दहाव्या दिवशी त्यांची बायको घरी येऊन स्वयंपाक करून गेली. आपल्याकडचं कोणी तेव्हा पोचलंही नव्हतं.

२ डिसेंबर, मंगळ
बैठक. मी कोपऱ्यात, ठरावाचं बुक मांडीवर. एका नगरसेवकानं विषय काढला, टाकीमागे म्हातारी पडली म्हणतात. चेअरमनसाहेबांनी रजिस्टर मागवलं. पान उघडलं. "आनो तो क्यारनो निकाल थई गयो छे." कधीचंच निकाली. देसाईभाई उभे राहिले. म्हणाले, झाकण बसवलं होतं साहेब, लोखंडाचं, कोणीतरी भंगारात विकलं असणार. आता सिमेंटचं बसवलंय.

सगळ्यांनी मान हलवली. भंगारचोरांवर पाच मिनिटं चर्चा. मग गाडी डांबराच्या विषयावर.

मी लिहून घेतलं. "सदर ठिकाणी बसविलेले झाकण चोरीस गेल्याचे समजते." माझ्या हातानं, गुजरातीत, वळणदार अक्षरात. समजते. कोणाला समजते ते कधीच लिहायचं नसतं.

७ डिसें., रवि
गेले. बसमधून उतरून टाकीपर्यंत चालत, मग विचारत विचारत. काय म्हणून जातेय ते ठरवलं नव्हतं.

चेंबरवर सिमेंटचं झाकण. नवं, पांढरट. कडेला ओल्यावर उमटलेला कुत्र्याचा पाय.

आप्पा घरी नव्हते, दूध आणायला गेलेले. आत पलंगावर त्यांची बायको, माय. दवाखान्यातून घरी आणलंय, इथेही पायाच्या टोकाला दोरी आणि दोरीला विटा. "कोन शे?" मी म्हटलं, पालिकेतली, आप्पांचे अर्ज घेते ती. हात पुढे केला तिनं. मी दिला. मनगट, बांगड्या, कोपरापर्यंत चाचपून पाहिलं. "जेवत नही का तू?"

मग, कोठली शे तू, पोरी? अंमळनेर म्हटल्यावर हसली. तिची मावशी तिथलीच. मावशीच्या गल्लीचं नाव सांगितलं, मला माहीत होती ती गल्ली. तासभर बसले. निघताना म्हणाली, "रविवारे येजो."

सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं असंही नाही. आलंच नाही.

१४ डिसें., रवि
गेले. डोकं विंचरून दिलं मायचं. केस अजून दाट आहेत. पलंगावर पडून पडून गुंता झालेला, सोडवायला बराच वेळ लागला. ती काही तक्रार करत नाही, दुखलं की नुसती "हूं" म्हणते. मुलगा भगवान इच्छापोरला कंत्राटावर आहे, पंधरा दिवसांनी येतो. सून माहेरी बाळंतपणाला. आप्पा भाकरी थापतात, जाड होतात.

१८ डिसें., गुरु
आप्पा ऑफिसात आले. काम काही नव्हतं. खुर्चीत बसले, चहा घेतला, गेले. देसाईभाई लांबून बघत होते.

२१ डिसें., रवि
आज बोलले. म्हणजे अहिराणीत. मायनं पाणी मागितलं आणि माझ्या तोंडून आपोआप "लयी येस" निघून गेलं. आणते म्हणायचं होतं. मग ती इतकी हसली की विटा हलल्या आणि कळ आली, तरी हसतच होती. "तीस वरीसनं गंजेल कुलूप शे," आप्पांना म्हणाली.

येताना बसमध्ये मनात घोकत होते. येस, जास, करस. समोरची बाई बघायला लागली.

२८ डिसें., रवि
सकाळी लवकर उठून शेवभाजी केली, डब्यात घट्ट झाकून नेली. आप्पांनी दोनदा घेतली. माय म्हणाली, तिखट कमी शे. मग म्हणाली, दर रविवारी तुझी वाट बघते, पण आप्पांना सांगू नको, ते म्हणतील, मी बोलतो ते काय कमी आहे.

दहा-बारा वर्षांत मी कोणाच्या घरी न विचारता ताट घेऊन जेवायला बसले नव्हते.

हे सगळं ज्याच्यावर उभं आहे ते मला माहीत आहे. लिहून ठेवते आहे, म्हणजे माहीत नव्हतं असं पुढे म्हणता येणार नाही.

१४ जानेवारी १९९८, बुध
उत्तरायण, पतंगांचा सण. ऑफिस बंद. सुजाताला फोन केला, सगळे गच्चीवर आहेत म्हणाली, पाठीमागे "काप्यो छे" चा ओरडा. पाच मिनिटांत ठेवला.

चाळीत गेले. विटा काढल्या आहेत आता, मायला उशांवर टेकून बसवता येतं. दारातून आभाळाची पट्टी दिसते. माय म्हणाली, सांग काय काय उडतंय. मी सांगत होते, लाल, पिवळा, एक काळा डोळ्याचा, तो बघ गेला. ती विचारायची, कोणी कापला? मला काय माहीत कोणी कापला. मी म्हणायची, समोरच्या निळ्या गच्चीवाल्यानं. ती म्हणायची, त्याला काप आता. असं दुपारभर. तिळाचे लाडू.

डॉक्टर म्हणालाय, उभी राहील कदाचित, चालणं कठीण. आप्पांनी बाहेर नेऊन सांगितलं. आत तिला काठी आणलीय, ती उशाशी धरून झोपते.

२० जाने., मंगळ
भगवानचा अर्ज आला. टाइप केलेला, कोणाकडून तरी गुजरातीत करून घेतलेला. चौकशी व्हावी. तक्रार कधी आली, कधी निकाली निघाली, जागा कोणी पाहिली. चीफ ऑफिसरसाहेबांनी शेरा मारून खाली पाठवला. संबंधित कारकुनाने नोंद करावी. ३ फेब्रुवारीच्या बैठकीपुढे ठेवावे.

संबंधित कारकून मी.

पाचच्या सुमाराला देसाईभाई आले. खुर्ची ओढून अगदी हळू बोलले. जे बैठकीत आलंय तेच लिहा, बेन, चोरीला गेलं. चेअरमनसाहेबांचं पण तेच म्हणणं आहे. माझी दोन पोरं शिकतायत. मग थोडं थांबून, "आम पण सही तो तमारी छे ने."

धमकी नव्हती. मला वाचवत होते, असंच त्यांना वाटत असणार. आणि सही माझीच आहे.

२२ जाने., गुरु
आप्पा. आज काम होतं. "ताई, रजिस्टरमा काय लिखेल शे ते वाचीसन दाखाडा. भगवान इचारस." मी म्हटलं, रजिस्टर साहेबांकडे आहे.

माझ्या खणात होतं. किल्ली माझ्या कमरेला.

ते बरं म्हणाले, आणि पिशवीतून बोरं काढून टेबलावर ठेवली. मायनं पाठवलीत.

२५ जाने., रवि
गेले नाही. ताप आहे असा निरोप चाळीशेजारच्या दुकानात फोन करून पाठवला. ताप नाही. दिवसभर पलंगावर. बोरं तशीच आहेत.

२७ जाने., मंगळ
नोंद लिहिली. चार कागद फाडले. पहिल्यात देसाईभाईंचं नाव जास्त वेळा आलं होतं. दुसऱ्यात माझं रडगाणं, बसची वेळ वगैरे. शेवटी तीन ओळी राहिल्या. तक्रार अमुक तारखेस आली. ११ नोव्हेंबर रोजी ओव्हरसिअरच्या तोंडी सांगण्यावरून, पूर्णत्वाची चिठ्ठी नसताना, जागा न पाहता, मी ती निकाली काढली. झाकण त्यापूर्वी बसविल्याची कोणतीही नोंद खात्यात नाही.

सही केली. आवक-जावकमध्ये नंबर टाकून घेतला, नाहीतर हरवतो कागद.

देसाईभाईंना आधी दाखवला, त्यांच्या पाठीमागून द्यायचा नव्हता. वाचून परत दिला. इतकी वर्षं चार वाजता ते चहा घेऊन माझ्या टेबलाशी येतात. आज कप घेऊन अकाउंट्सच्या टेबलाकडे गेले.

२९ जाने., गुरु
आप्पा आले तेव्हा त्यांना बाहेर सायकल स्टँडजवळच्या कट्ट्यावर घेऊन गेले. आत सगळे कान लावून असतात आणि त्यांना मोठ्यानं सांगावं लागतं. तरी दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं, दुसऱ्या कोणी लिहिलं ते मी सांगतेय.

"तुम्ही लिखं?"
मी हो म्हटलं.
"दखाविना?"
न बघता, हो.

बराच वेळ बोटांनी गुडघ्यावरचं धोतर सारखं करत राहिले. एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, त्या दिवशी ती सायकल तिथे मीच लावली होती. कोणाला सांगितलं नाही अजून.

आणि उठले. "मी तिले सांगावू नही. तुम्हीच सांगा. तुम्हनं तुम्ही." गेटपर्यंत सोबत गेले मी, तर हातानं थांब म्हणाले.

१ फेब्रुवारी, रवि
गेले. डोकं विंचरायला बसले नाही, समोर बसले. भगवान आलेला होता, आप्पा त्याला घेऊन बाहेर गेले.

सांगितलं. अहिराणीत सांगायला सुरुवात केली आणि 'निकाली'ला शब्द सापडेना. मग मराठीतच सांगितलं सगळं. मायचा चेहरा दाराकडे होता. मला वाटलं रागावेल, शिव्या देईल, शिव्या चालल्या असत्या. मोडलेल्या पायाबद्दल एक शब्द नाही. झाकणाबद्दल नाही.

"म्हनीसन येत व्हती का तू?"

म्हणून येत होतीस का तू. एवढंच.

मी म्हटलं, पहिल्या दिवशी म्हणून आले. मग नाही.
"मंग काब्र?"

मग का. काय सांगणार. की रविवारी माझा आवाज फुटत नाही. की घरी दोन ताटं आहेत आणि एक पाच वर्षं पालथं आहे. मी म्हटलं, मला इथे बरं वाटतं. कानाला किती पोकळ लागलं ते.

तिनं पांघरूण वर ओढून घेतलं. थंडी नव्हती. मी अजून थोडा वेळ बसले, मग उठले. कोणी सोडायला आलं नाही. भगवान नळापाशी उभा होता, त्यानं मान वळवली.

३ फेब्रु., मंगळ
बैठक तहकूब. निवडणुकीच्या प्रचारात अर्धे नगरसेवक गेलेत, कोरम झाला नाही. विषय पुढच्या बैठकीत. चीफ ऑफिसरसाहेबांनी बोलावून घेतलं. माझी नोंद समोर होती. "तमने खबर छे ने, शुं लख्युं छे?" मी म्हटलं, खबर आहे. विचार करा, बैठकीपर्यंत परत घेता येते, म्हणाले. मी म्हटलं, नंबर पडलाय साहेब. त्यांनी चष्मा काढून पुसला. बरं, जा.

नोकरी जाईल की वार्षिक वाढ जाईल की नुसता ठपका, कोणी सांगत नाही. विचारत नाही मीही.

५ फेब्रु., गुरु
आप्पा आले नाहीत. खुर्ची रिकामी होती, अकाउंट्सवाल्यानं उचलून नेली.

सुजाताला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, मराठीत. वेळ लागला तरी वाच, म्हटलं.

८ फेब्रु., रवि
जायचं नाही असं ठरवून आंघोळ केली, आणि मग साडी नेसून बसस्टॉपवर. दोन बस सोडल्या. तिसरीत चढले.

आप्पा दाराबाहेर तूर निवडत बसले होते. मला बघून आत बघितलं, मग सूप बाजूला केलं, ओट्यावर जागा केली. आत या म्हणाले नाहीत. मी बसले. थोड्या वेळानं सुपातली मूठभर तूर माझ्यापुढे सरकवली. मी खडे काढायला लागले. चाळीतल्या बायका येता-जाता बघत होत्या.

आतून काठीचा आवाज आला, फरशीवर एकदा, दोनदा. पलंग करकरला. मग मायचा आवाज.

"उनी का ती?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. "उनी," म्हणाले.

त्यानंतर आतून काही नाही. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. काठीही वाजली नाही. ऊन ओट्यावरून उतरून गल्लीत गेलं, तूर संपत आली होती. मी खडे काढत बसून राहिले.